मांजराने पंचशील घेतलं नव्हतं

मी प्राणीहत्या करत नाही. एकदा करवून घेण्याचा प्रयत्न केला, एवढंच.

तोही हौसेने नाही. शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेताना एजंटबाई म्हणाल्या होत्या, "मागे मक्याचं शेत आहे, निसर्गाच्या अगदी जवळ राहाल." मला ते फार आवडलं. नागपूरला भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलेला माणूस मी, मोकळं शेत बघून विरघळलो आणि सही करून टाकली. पण निसर्गालाही आमच्या जवळ राहायची इच्छा असेल, हे बाई बोलल्या नव्हत्या. शरद ऋतू आला, मका कापला गेला, थंडी पडली, आणि शेतातल्या उंदरांनी घर शोधायला सुरुवात केली. बाकी गल्लीच्या बेसमेंटमध्ये ट्रेडमिल. आमच्या बेसमेंटमध्ये बासमतीची पोती, तुरीची डाळ, शेंगदाणे, पोहे आणि आईने बॅगेत भरून आणलेली ज्वारी! उंदीर लहान असतो, मूर्ख नसतो.

तो पहिल्यांदा दिसला आईला. आई व्हिसावर सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सकाळी किचनमधून तिचा शांत आवाज आला, "इथं उंदीर हाये गा."

आम्ही धावलो. तांदळाच्या डब्यामागून राखाडी रंगाचं काहीतरी निघालं, ओट्यावरून गेलं आणि डिशवॉशरच्या मागे गडप झालं. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, झाडू घेतला. मी खुर्ची घेतली. (बसायला नाही, चढायला.)

"उजवा कान फाटका होता," वैशाली म्हणाली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, पेशंट एकदा पाहिला की विसरत नाही.

एरवी मी चार दिवस चालढकल केली असती. पण महिनाअखेरीला आमच्या घरी भोजनदान ठरलं होतं. वर्षावासाचा पावसाळी मुक्काम संपवून नागपूरचे एक भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, शिकागोकडे आले होते, आणि इथल्या आमच्या मंडळींनी आपापल्या घरी त्यांना बोलावलं होतं. आईने नागपूरच्या विहारात कितीतरी वेळा भोजनदान दिलेलं. पण विहार सगळ्यांचा. मुलाच्या स्वतःच्या घरात, आपल्या हातचं जेवण भन्तेजींना वाढायचं, ही तिची एकच इच्छा होती. त्यासाठी तिने येताना नवं कोरं स्टीलचं पातेलं आणलं होतं, आणि ते खोक्यातून काढून रोज पुसून ठेवत होती. भोजनदान झालं की लगेच तिचं परतीचं तिकीट. तिचे गुडघे बघता ती पुन्हा एवढा प्रवास करेल असं कोणालाच वाटत नव्हतं. कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

वैशाली मात्र बोलली. "ज्या किचनमध्ये उंदीर फिरतो तिथलं अन्न मी भन्तेजींपुढे ठेवणार नाही. उंदीर घालव, नाहीतर हॉल बुक कर आणि केटरिंग मागव."

निवडून झालेली डाळ आईने पुन्हा निवडायला घेतली. आई गप्प झाली की मला अजूनही परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटतं.

मी त्याच दिवशी दुकानातून सापळा आणला. चांगला जाड स्प्रिंगचा, खाटकन् मिटणारा. तो टेबलावर ठेवतोय तोच समोर माझी मुलगी यशोधरा येऊन उभी राहिली. वय वर्षं दहा. तिने हाताचा अंगठा वर केला.

इथे थोडं सांगायला हवं. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना पंचशील मीच शिकवतो. इथल्या पोरांच्या लक्षात पाली राहत नाही, म्हणून मी युक्ती काढली होती: पाच शीलं, पाच बोटं. अंगठा म्हणजे प्राणीहत्या करणार नाही. तर्जनी म्हणजे न दिलेलं घेणार नाही. मधल्या बोटाचं शील मोठं झाल्यावर समजावतो असं सांगितलंय (आणि या देशात ते बोट एकटं वर करायचं नाही, हेही सांगितलंय). अनामिका म्हणजे खोटं बोलणार नाही. करंगळी म्हणजे नशा करणार नाही. शील मोडलं की ते बोट मिटायचं. ही पद्धत मुलांना इतकी आवडली की आयांनी मला फोन करून धन्यवाद दिले होते. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

"पप्पा," यशोधरा म्हणाली, "व्हॉट इज धिस फॉर?"

"उंदरासाठी, बेटा."

"टु किल हिम?"

तिने माझ्याकडे बघत बघत अंगठा मिटायला सुरुवात केली. मी सापळा परत केला.

मग जिवंत पकडायचा पिंजरा आणला. शेंगदाण्याचं कूट लावलं, उंदीर सापडला, मी त्याला गाडीत घालून नदीकाठच्या झाडीत सोडून आलो. येताना कॉफी प्यायलो, चांगलं वाटत होतं. घरी आलो तर वैशाली किचनच्या दारात हाताची घडी घालून उभी.

"आला तो."

"कोण?"

"तुझ्या आधी पोचला. फाटका कान."

"अगं, दुसरा असेल."

"मला बघून पळाला. तुला बघितलं की थांबतो. ओळखतो तो तुला!"

खरंच थांबला होता. डिशवॉशरजवळ उभा राहून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश आत गेला. कामावरून दमून आलेल्या माणसाची चाल होती ती.

समोरच्या घरात डॉक्टरकाका राहतात. पुण्याचे, फार पूर्वी इथे आलेले, आता निवृत्त. हृदयाचे मोठे डॉक्टर होते. आता पेशंट उरलेले नाहीत, पण सल्ले बरेच उरलेत, आणि ते देण्यासाठी रोज हात मागे बांधून रस्ता ओलांडतात.

"हे बघ," काका म्हणाले, "पिंजरे-बिंजरे सोडून दे. निसर्गात प्रत्येकाला कोणीतरी वरचा असतो. गावाकडे आमच्या कोठारात धामण होती. एक दाणा गेला नाही कधी."

"साप?" वैशाली आतून ओरडली. "तो आत आला की मी बाहेर!"

"बरं, मग घुबड," काका क्षणभरही न थांबता म्हणाले. "मागच्या झाडावर लाकडी पेटी टांगायची. घुबड येतं, राहतं, आणि एकेका रात्रीत उंदरांचा फडशा पाडतं. तुला काही करावं लागत नाही."

तुला काही करावं लागत नाही, या वाक्याला मी जन्मभर फसत आलोय. तरी थोडी आशा होती की आई मोडता घालेल. घुबड अशुभ, दारात नको, असं काहीतरी म्हणेल आणि शिडी चढण्याचं टळेल.

"आई, घुबड चालेल का गं तुला?"

"न चालाले काय झालं? अपशकुन होते म्हणते लोक. आपण मानतो का तसलं? पक्षी हाये तो. चढ तू!"

विवेकवादी घरात वाढण्याचे असे तोटे असतात. मी चढलो. दोनदा पेटी पडली, एकदा मी पडलो. शेवटी ती झाडावर लटकली आणि आम्ही घुबडाची वाट बघू लागलो. आठवड्याने पेटीतून एक डोकं बाहेर आलं. खार! मग आणखी एक डोकं. मग पिल्लं. डॉक्टरकाकांनी दुर्बिणीतून नीट पाहिलं आणि सांगितलं, "खार उंदरांच्याच कुळातली बरं का." म्हणजे उंदरांवर उपाय म्हणून मी त्यांच्या नातेवाइकांना लाकडी बंगला बांधून दिला होता.

"आता मांजर," काका म्हणाले.

मांजराचा विचार मला पटला, कारण त्यात कायद्याची सोय होती. मी रात्रंदिवस आयटीचे करार वाचतो, त्यामुळे असली सोय मला लगेच दिसते. शील मी घेतलं आहे. मांजराने घेतलेलं नाही. मांजर आपल्या स्वभावाने जे करेल त्याला मी कसा जबाबदार? हे मी यशोधराला नीट समजावून सांगितलं.

ती विचार करून म्हणाली, "सो यू आर आउटसोर्सिंग इट."

आता हे मुलीकडून ऐकावं? ज्या घरात उभी राहून ती बोलत होती त्याचे हप्ते आउटसोर्सिंगवर चालतात! पण तिने अंगठा अर्धा मिटलेला ठेवला, आणि तो तसाच अर्धा राहिला.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून आम्ही बोका आणला. तिथली मुलगी म्हणाली, हा गोठ्यात वाढलाय, माणसांच्या लाडाची सवय नाही, उंदरांचा कर्दनकाळ आहे. नाव किलर. दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देत नाही. दिसायलाही तसाच, एक मिशी तुटलेली, नजर खुनशी. त्याला बेसमेंटमध्ये सोडताना मला स्वतःचीच जरा भीती वाटली.

दुपारी बेसमेंटमधून वास आला. मी खाली गेलो. आई पायरीवर बसली होती, पुढे ताटली, ताटलीत सुकट कालवलेला भात, आणि किलर मान खाली घालून जेवत होता.

"आई! हे काय?"

"जेवून राहिला तो."

"अगं, त्याला खायला द्यायचं नाही! उपाशी राहिला तरच उंदीर धरेल ना!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "घरी आलेल्याले उपाशी ठेवाचं? तुले उपाशी ठेवून अभ्यास करवला का मी?"

संध्याकाळी किलरला दूध-पोळी मिळाली. सकाळी साय. तो ताटलीवरून उठायला लागला की आई म्हणायची, "एवढाच घास बाबू, एवढाच." आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणाला तरी वाढतात, आणि या पाहुण्याला तर नको म्हणता येतच नव्हतं. आठवड्याभरात उंदरांचा कर्दनकाळ बेसमेंटमधून सोफ्यावर आला. पंधरवड्यात सोफ्यावर चढायला त्याला आईची मदत लागू लागली. नजरेतला खुनशीपणा गेला, आणि जेवणानंतर डोळे मिटून बसणाऱ्या माझ्या मामाचा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला.

एका सकाळी किचनमध्ये आलो आणि दारातच थबकलो. किलर आपल्या ताटलीपाशी लवंडला होता. ताटलीच्या दुसऱ्या कडेला बसून फाटक्या कानाचा उंदीर सुकट-भात खात होता. किलरने एक डोळा उघडला, उंदराकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला.

मागून आईचा हळू आवाज आला, "पाहा, कसे मिळून राहते. माणसाले जमत नाही."

वैशालीला मात्र ही मैत्रीभावना भावली नाही. "आधी एक उंदीर होता," ती म्हणाली. "आता उंदीर आहे, त्याला पंगतीला घेणारा बोका आहे, आणि झाडावर खारीचं कुटुंब आहे. पुरे झालं यार! हॉल बुक कर."

मी लॅपटॉप उघडला. खरं सांगतो, मी थकलो होतो. आई शेजारी येऊन उभी राहिली, स्क्रीनवरच्या हॉलचा फोटो तिने बघितला.

"मोठा हाये," ती म्हणाली. "चांगला हाये." आणि आत जाऊन तिने ते नवं पातेलं पुसलं, परत खोक्यात घातलं आणि खोकं बॅगेत ठेवलं.

मला फार वाईट वाटलं. वैशालीनेही ते बघितलं होतं. तिने बॅगेतून खोकं काढलं, खोक्यातून पातेलं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. "इथेच करू," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसं."

ती सांगेल तसं म्हणजे काय, हे माझ्या पाठीला विचारा! सगळं धान्य स्टीलच्या डब्यांत गेलं. डिशवॉशर ओढून मागची फट बुजवली. किचनचा कानाकोपरा तिने माझ्याकडून असा घासून घेतला की तिथे ऑपरेशन करता आलं असतं. उंदीर बेसमेंटमध्ये हलला. किलरलाही ताटलीसकट तिकडे पाठवलं.

भोजनदानाचा दिवस उजाडला. आई पहाटेपासून ओट्याशी. वरण, भात, पोळ्या, भरली वांगी, नव्या पातेल्यात खीर. भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. या धांदलीत एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही. किलर आल्यापासून पहिल्यांदाच आईने त्याला नाश्ता दिला नव्हता.

मंडळी जमली. जयभीम, जयभीम झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत दिवाणखान्यात सतरंजीवर बसले, समोर आसनावर भन्तेजी, बाजूला फळांची परडी. पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली सगळी मुलं, आणि त्यांच्यापुढे त्यांचा गुरू म्हणून मी. त्रिशरण झालं. मग भन्तेजींनी पंचशील सुरू केलं आणि आम्ही त्यांच्यामागून म्हणू लागलो.

"पाणातिपाता वेरमणी..."

मागे कुजबुज झाली. मी वळून पाहिलं. बेसमेंटच्या दारातून किलर येत होता. मान ताठ, शेपूट उभी, आणि तोंडात फाटक्या कानाचा उंदीर. पांढऱ्या साड्या उचलल्या गेल्या, वाट झाली. तो सरळ पुढे आला आणि त्याने उंदीर माझ्या मांडीसमोर ठेवला. आता तरी जेवायला द्या, असा त्याचा चेहरा होता.

उंदीर हालेना. मेला, मी मनात म्हटलं. पहिलं शील चालू असताना, माझ्या मांडीपुढे, माझ्या बोक्याने!

मग उंदीर उठला आणि माझ्या पायजम्यात शिरला.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मी उभा राहिलो, नाचलो, उंदीर बाहेर पडून फळांच्या परडीकडे पळाला, आणि मी हाताला लागेल ते उचललं. अननस लागला. तो मी दोन्ही हातांनी डोक्यावर उगारला, आणि त्याच क्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून मोठ्याने आणि एकट्याने बाहेर पडलं:

"...सिक्खापदं समादियामि!"

म्हणजे, प्राणीहत्येपासून दूर राहण्याचा नियम मी घेतो.

पुढच्या रांगेतल्या सगळ्या मुलांनी आपापला अंगठा वर केला होता आणि ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती, मिटायचा की नाही ते कळायला. शिकवणी चांगली झाली होती, यात शंका नाही.

"उपासक," भन्तेजी शांतपणे म्हणाले, "अननस खाली ठेवा. आपण दुसरं शील घेऊ."

मी अननस खाली ठेवला. तेवढ्यात आई दुखऱ्या गुडघ्यांवर उठली, किचनमधून एक वाडगा आणि ताटली घेऊन आली. उंदीर परडीच्या कडेला धापा टाकत बसला होता. तिने वाडगा त्याच्यावर पालथा घातला, खालून ताटली सरकवली, आणि ते सगळं माझ्या हातात दिलं.

"जा, दूर सोडून ये. अन् लवकर ये, बारा वाजून राहिले."

दूरच जाणार होतो मी. शपथेवर सांगतो. पण दूर जायला वेळ लागतो, आणि आईचं भोजनदान बारापर्यंतच होतं. मी अनवाणी रस्ता ओलांडला आणि समोरच्या कुंपणाच्या झुडपाखाली वाडगा उघडला. उंदराने माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली. तो गेला.

आईने वाढलं. आपल्या हाताने, आपल्या मुलाच्या घरात. भन्तेजी सावकाश जेवले आणि खीर त्यांनी सगळी संपवली. आई पातेल्याजवळ हात जोडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, घराचे सगळे हप्ते आज फिटले.

जाताना भन्तेजींनी पायाशी आलेल्या बोक्याकडे पाहिलं. "याचं नाव काय?"

"बाबू," आई म्हणाली.

"किलर," यशोधरा म्हणाली.

भन्तेजी हसले. "पण याने तर उंदीर जिवंत आणला. अननस दुसऱ्याच कोणीतरी उचलला होता." आणि सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं.

पुढल्या आठवड्यात आई गेली. विमानतळावर तिने यशोधराला जवळ घेतलं, वैशालीला जवळ घेतलं, आणि मला म्हणाली, "बाबूले येळेवर जेवू घालजो." तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. डॉक्टरकाका होते, केस विस्कटलेले, हात पहिल्यांदाच मागे बांधलेले नाहीत.

"अरे, तुझा तो बोका दोन दिवस देतोस का? आमच्याकडे उंदीर झालाय. तुझ्या काकू काल खुर्चीवर उभ्या राहून जेवल्या!"

"हो का?" मी म्हणालो.

"उजवा कान फाटका आहे बघ त्याचा. मला एक सांग, तुझा तो उंदीर शेवटी कुठे सोडलास?"

मागे जिन्यावर यशोधरा बसली होती. मला माहीत होतं ती बसलीय. तरीही माझ्या तोंडून निघून गेलं, "नदीपलीकडे, काका. खूप लांब."

"मग हा दुसराच," काका हताशपणे म्हणाले आणि किलरला काखेत मारून रस्ता ओलांडून गेले.

मी दार लावलं. यशोधराने आपला हात माझ्यासमोर धरला. अंगठा अर्धा मिटलेला होताच. तिने अनामिका पूर्ण मिटली.

"नंबर फोर, पप्पा."

मी सोफ्यावर बसलो. नव्या घराबद्दल ऑफिसातल्या ब्रायनने भेट दिलेली वाइनची बाटली समोरच्या कपाटात तशीच पडून होती. खरं सांगतो, मी तिच्याकडे फक्त पाहिलं. यशोधराने माझी नजर पकडली, करंगळी नीट ताठ केली आणि वाट बघत समोर येऊन बसली.